अर्धं रंगवलेलं छप्पर

डॉक्टरीणबाई, तुम्ही विचारता कधीपासून,
मी जानेवारी म्हणते,
आणि तुम्ही लगेच जानेवारी लिहून घेता.
जरा थांबा.

जानेवारीत पुंता अरेनासला धड रात्रच होत नाही.
दहा वाजून गेले तरी सामुद्रधुनी
घासलेल्या पातेल्यासारखी लखलखत असते.
फेर्मीन तेव्हा छपरावर होता.
पहाटे तीनला पत्र्यावर ब्रशची खरखर
आणि शिट्टी.
शेजारच्या द्रागित्सानं खिडकी उघडून शिव्या घातल्या,
तर हा वरून विचारतो, तुमचंही देऊ का रंगवून?
चौदा डबे लाल रंग. उधारीवर.
नऊ रात्री डोळ्याला डोळा नाही.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.
त्या घरात कितीतरी वर्षांनी कुणी शिट्टी वाजवत होतं.

दहाव्या दिवशी तो खाली उतरला.
शिडी तशीच भिंतीला.
छप्पर अर्धं लाल, अर्धं गंजलेलं.

जूनमध्ये साडेपाचलाच काळोख.
तो भिंतीकडे तोंड करून, पायात बूट तसेच.
मी सूप ठेवायची, सुपावर साय धरायची,
मी सूप उचलायची.

घराण्यात कुणाला होतं का?
ब्रिसेइदा आत्या.
तिचं नाव निघालं की आईला
साखर संपल्याचं आठवायचं, ती उठून जायची.
लोक म्हणत, वाऱ्यानं बाधली.
वारा काय, इथे कुणाला सोडतो?
आमची झाडंसुद्धा एका अंगाला कलून वाढतात.

काम?
खेकडे डबाबंद करायच्या कारखान्यात, अकरा वर्षं, रात्रपाळी.
झोपेची घडी मोडली ती पुन्हा बसली नाही.
मग मालकानं कारखाना विकला,
जाताना प्रत्येकाला एक टोपी दिली.
दारू?
घेतो. आधी दारू की आधी हे,
ते मला विचारू नका.
मूल?
एक मुलगी. चार दिवसांची.
नाव ठेवलं नव्हतं, असं आम्ही सांगतो.
ठेवलं होतं.
बायको उत्तरेला माहेरी गेली. तिला बोल नाही लावत मी.

थायरॉइडसाठी रक्त घेतलंत, चांगलं केलंत.
तुमचा कागद भरत आलाय.
मीही रात्री हेच करते बाई,
उजेड, आत्या, पाळी, टोपी, ती चार दिवसांची,
एकेक ओवून बघते.
दोरा पुरत नाही, नाहीतर मणी उरतात.

कारण, हे बघा,
आत्या माझीही तीच.
बापाचा पट्टा माझ्याही पाठीवर.
वारा तोच, जून तोच.
आणि मी पहाटे चारला उठून पाव भाजते,
गिऱ्हाइकांशी हसते, मला भूक लागते.
मग मला का नाही?
ह्याला आहे का एखादा रकाना?

वसंतात वारा उठला की आमच्याकडे
चौकाचौकात दोर बांधतात.
म्हातारी, पोरं, टाय लावलेले साहेब,
सगळे दोर धरून रस्ता ओलांडतात.
कुणी विचारत नाही, तुला का गरज पडली.
लहानपणी फेर्मीन मुद्दाम हात सोडायचा.
मी त्याची कॉलर धरून ठेवायची.
तेव्हा कॉलर धरता यायची.

काल तो अंगणात आला.
खूप वेळ वर बघत उभा राहिला.
म्हणाला, शिडी आत घ्यायला हवी, सडेल.
महिन्याभरातलं पहिलं वाक्य.
मी पिठाचे हात तसेच धरून उभी.
हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

पुन्हा दिवस मोठे व्हायला लागलेत.
गोळ्यांच्या वेळा नंतर लिहा.
आधी एवढं सांगा,
तो शिट्टी वाजवेल तेव्हा
मी काय करू?